देवळालीचे कापरेकर मास्तर

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका गणितज्ञाचे चरित्र लिहावयाचे काय कारण, असे कोणी विचारील. कारण तेरजेत आहे. तेरजेच्या दोन्ही बाजू जुळत नसल्या आणि फरकाला ९ ने निःशेष भाग जात असला, की आमच्या सुरतेकडचा जुना मेहताजी आधी ५४० च्या जागी कुठे ४५० तर पडले नाहीत ना, हे पाहतो. एकाच संख्येतील अंकांनी जागा बदलल्या, तर येणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो. हिशेबनिसाच्या या साध्या हत्याराशी खेळता खेळता एका शाळामास्तरांनी जे शोधून काढले, ते आज संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणारे लोक जगभर एकमेकांना घालतात. त्या मास्तरांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस झाला. मी राहतो त्या कोसाडहून याच पश्चिम रेल्वेने मुंबईकडे निघाले, की सुरत, वलसाड, वापी मागे टाकल्यावर हे डहाणू लागते. कापरेकर आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषाला आकडेमोड लागते. मुलाने ज्योतिष सोडले आणि आकडेमोड तेवढी ठेवली, असे मला वाटते. शालेय शिक्षण ठाण्यास व पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ मध्ये स्वतंत्र गणिती लेखनाबद्दल त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीस शाळेत शिकविले. बी. एस्सी.च्या पुढची पदवी त्यांनी घेतली नाही.

मास्तरांच्या कामाचा एक नमुना पाहू. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, मात्र चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करावी आणि उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करावी. मास्तरांचे जन्मवर्षच घेऊ. ९५१० मधून ०१५९ गेले, राहिले ९३५१. त्यापुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि अखेर ६१७४. आता ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४ च, म्हणजे गाडी येथे थांबली. संख्या कोणतीही असो, सात पायऱ्यांच्या आत येथेच यावे लागते. १९०५ ला पुऱ्या सात लागल्या! ६१७४ ला ९ ने भागा, ६८६ येतात. मेहताजींचा ९ येथेही आहेच. १९४६ च्या सुमारास मास्तरांना हे सापडले व १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडले.

प्रोग्रॅम शिकणाऱ्याला हे उदाहरण देण्यात एक मेख आहे. १००० मधून ०००१ गेले की ९९९ उरतात. यंत्र आपण होऊन पुढचे शून्य लिहीत नाही. मग ९९९ मधून ९९९ गेले, उत्तर शून्य आणि नियम खोटा! म्हणून जाणते लोक सांगतात, की चार घरे शून्याने भरून घ्या आणि मगच अंक लावा. ०९९९ धरले, की ८९९१, ८०८२, ८५३२ असे करीत ६१७४ बरोबर येते. पायथॉनमध्ये हा प्रोग्रॅम दहाबारा ओळींचा होतो. एकसारख्या अंकांच्या दहा संख्या वगळता उरलेल्या ९९९० संख्या यंत्र क्षणात तपासून देते. मास्तरांजवळ मात्र कागद-पेन्सिलच होती.

त्यांनी संख्यांच्या इतरही जाती काढल्या. ४५ चा वर्ग २०२५; २० आणि २५ मिळून पुन्हा ४५. अशांना आज कापरेकर संख्या म्हणतात. आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या त्या हर्षद संख्या. डेमलो संख्यांची कल्पना सुचली ती मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या, त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेच्या डेमलो स्थानकात. म्हणून स्थानकाचेच नाव संख्यांना! यातले वाचायला कानडी विभागातल्या मित्रांना भाषांतराची गरज पडू नये.

आपल्याकडच्या पुष्कळ विद्वानांना हे सारे पोरखेळ वाटले. मोठ्या नियतकालिकांची दारे उघडेनात, तेव्हा मास्तर लहान नियतकालिकांतून लिहीत आणि स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापीत. विद्वानांचे म्हणणे अगदीच अन्यायाचे होते असे मी म्हणणार नाही. दशमान पद्धत सोडून दुसऱ्या पायावर संख्या लिहिली, की ६१७४ ची जादू राहत नाही, हे खरेच आहे. पण पगारदार शिक्षकाने पदरमोड करून शोध छापावा आणि तो कोणीही घ्यावा, या वृत्तीचे मोल त्यांनी केले नाही. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधील आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा जगाला नाव कळले. तोवर मास्तर सत्तर वर्षांचे झाले होते. निवृत्तीनंतर, १९६६ मध्ये, पत्नी गेली होती. तुटपुंज्या पेन्शनीत भागेना म्हणून ते गणित-विज्ञानाच्या शिकवण्या करीत. १९८६ साली देवळालीस त्यांचे निधन झाले.

१९६३ च्या त्यांच्या एका पुस्तिकेत स्वयंभू संख्यांचा विचार आहे. २१ मध्ये तिचे अंक मिळवले की २४ होतात, म्हणून २१ ही २४ ची जननी. १०१ ला ९१ आणि १०० अशा दोन जननी आहेत. २० ला एकही नाही, म्हणून ती स्वयंभू. १९९८ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रोग्रॅमिंग स्पर्धेत १०,००० च्या आतील सर्व स्वयंभू संख्या काढण्याचा प्रश्न आला आणि त्यात कापरेकरांचे नाव होते. प्रत्येक संख्येची जननी शोधीत बसणारा येथे उगाच दमतो. १ पासून प्रत्येक संख्येची संतती काढून तिच्यावर खूण करीत जावे. शेवटी बिनखुणेच्या राहतील त्या स्वयंभू : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२...