रामन आणि आमच्या इंदूरची कमला

मल्हारगंजच्या घरी ताई कॉम्प्युटरवर रेणूंची कंपनं काढते. बंध म्हणजे साधी स्प्रिंग नव्हे. जास्त ताणला की सैल पडतो. साधं सूत्र धरलं तर उत्तर चुकतं, अचूक करायला गेलं तर रात्र जाते. ही कंपनं प्रकाशातून वाचायची वाट सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात दाखवली. १९३० चं नोबेल त्यांना मिळालं. पण १९३३ मध्ये बंगळुरूला, इंदूरमध्ये जन्मलेल्या कमला भागवत यांना मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाताई हटल्या नाहीत. शेवटी वर्षभराच्या अटीवर घेतलं. काम पाहून रामन बदलले, मुलींना दार उघडलं. १९७० मध्ये ते गेले. शोध मोठा खराच. पण मला हे बदलणंही तितकंच मोठं वाटतं.