देवाच्या न्यायाचा सवाल करणारे विष्णुबुवा

आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, शिरवली गावी, १८२५ मध्ये विष्णू भिकाजी गोखले यांचा जन्म झाला. वडील लहानपणीच वारले. घरची गरिबी, शिक्षण बेताचे. पुढे जकात खात्यात चाकरी मिळाली. ती विशीतच सोडून ते सप्तशृंगीच्या डोंगरावर तपाला बसले आणि खाली उतरले ते विष्णुबुवा ब्रह्मचारी होऊन. देशावर ठिकठिकाणी धर्मव्याख्याने देत १८५६ च्या सुमारास ते मुंबईत पोहोचले.

त्याच वर्षी मुंबईची आगगाडी कर्जतच्या पट्ट्यातून खालापूरजवळच्या खोपोलीपर्यंत आली. वरचा बोरघाट अजून जुन्या रस्त्यानेच चढावा लागे; घाटातून रूळ पार पडायला १८६३ साल उजाडले. तरीही या वाटेने माणसांची आणि छापील कागदांची ये-जा वाढली, आणि शहरातला वाद शहरातच राहण्याचे दिवस संपत आले.

वाद जुनाच होता. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३० च्या दशकारंभी मोरभट दांडेकरांशी झालेल्या झगड्यात पुराणांतील देवांचे आचरण तपासायला घेतले होते. ज्यांच्या कथांत कपट आणि कामविकार आहेत ते पूजेला पात्र कसे, असा मिशनऱ्यांचा रोख असे. विष्णुबुवांनी १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या समुद्रकिनारी जमणाऱ्या गर्दीसमोर तीच फूटपट्टी बायबलमधील देवाला लावली. आदमाने आज्ञा मोडली. मग त्याचा दोष अजून न जन्मलेल्या लेकरांच्या माथी का? अपराध्यांसाठी निरपराध पुत्राने प्राण द्यावेत, हा न्याय कोणत्या कचेरीतला? इंग्रजांच्या न्यायालयांना सरावू लागलेल्या श्रोत्यांना हे प्रश्न समजावून सांगावे लागत नव्हते.

प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो बाहेरून आणलेला नव्हता. त्या ग्रंथातच तो आधीपासून धुमसत आहे. निर्गमाच्या पुस्तकातील देव वडिलांच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचवतो, तर संदेष्टा यहेज्केल पुत्राने पित्याचा दोष वाहायचा नाही असे बजावतो. सदोम नगरीचा नाश ठरला तेव्हा अब्राहाम देवाशी चक्क घासाघीस करतो आणि पन्नास नीतिमान माणसांवरून आकडा दहापर्यंत खाली आणतो. देवाला न्यायाची आठवण करून देणे या परंपरेत पाखंड मानलेले नाही.

याची साक्ष विष्णुबुवांच्या स्वतःच्या मुलखातच होती. कुलाब्याच्या किनारपट्टीवर तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली म्हटले जाणारे बेने इस्रायल तीच आदमाची कथा पवित्र मानत. पण यहुदी धर्मात आदमाचे पाप वारशाने येत नाही. विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. समाजाने ते शिक्षण आनंदाने घेतले आणि बहुतांशी आपला धर्म मात्र राखला. विष्णुबुवांच्या आक्षेपाचा खरा निशाणा त्यामुळे ख्रिस्ती मंडळींनी त्या कथेवर उभारलेल्या सिद्धांतावर होता. मूळ कथेला तो फारसा लागू पडत नाही.

बुवांची बाजूही निष्कलंक नव्हती. साऱ्या विद्यांचे मूळ वेदांत आहे असा त्यांचा आग्रह होता, आणि आपल्या ग्रंथांतील अवघड कथांचा अर्थ लावताना ते जितके उदार असत, तितके समोरच्याच्या ग्रंथाबाबत नसत. मात्र प्रतिपक्ष त्यांना हलके लेखत नव्हता. १८४८ पासून मुंबईत फकिरी थाटाने राहणारे अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी या वादाचा इंग्रजी वृत्तान्त त्याच वर्षी छापून काढला. त्या मे महिन्यात उत्तरेत उठाव भडकला. किनाऱ्यावरचा वादही त्याच महिन्यात थांबला.

१८५९ मध्ये बुवांचा ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु न्यायाविषयीची त्यांची तळमळ अधिक लखलखीत दिसते ती १८६७ च्या ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंधा’त. राज्य म्हणजे एक कुटुंब. जमीन सर्वांची, पीक गावच्या कोठारात, आणि ज्याला जेवढे लागेल तेवढे त्याने न्यावे, अशी ती मांडणी आहे. राजाने प्रजेला बापाच्या मायेने वागवावे, ही त्यातली मुख्य अट. समुद्रकाठी देवाकडून त्यांनी हेच मागितले होते. निबंधाची टिंगल झाली, तो अव्यवहारी ठरला. विष्णुबुवा मुंबईत १८७१ मध्ये, पंचेचाळिशीतच निवर्तले.