पाण्याच्या थेंबाचे गणित मांडणारा शास्त्रज्ञ : लॉर्ड रॅले



प्रत्येक वर्गात सतत आजारी पडणारं एखादं मूल असतंच. शाळा बुडते, अभ्यास मागे पडतो आणि आपण मनातल्या मनात त्याला 'मागे पडलेला' ठरवून मोकळे होतो. आज अशाच एका मुलाची गोष्ट सांगते.

जॉन विल्यम स्ट्रट यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1842 रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात झाला. घर श्रीमंत, पण प्रकृती नाजूक. ईटन आणि हॅरो या नामांकित शाळांत ते गेले खरे, पण आजारपणामुळे कुठेच फार काळ टिकले नाहीत. पुढे 1861 मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश घेतला आणि 1865 साली गणिताच्या परीक्षेत पहिले आले! आजारपणाने मात्र पाठ सोडली नाही. लग्नानंतर वर्षभरातच संधिवाताचा ताप आला. हवापालटासाठी ते इजिप्तला गेले. तिथे नाईल नदीवर बोटीत राहत असतानाच त्यांनी ध्वनीवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहायला घेतला. 1873 मध्ये वडिलांनंतर ते लॉर्ड रॅले झाले.

आकाश निळं का दिसतं, याचं गणिती स्पष्टीकरण त्यांनीच 1871 मध्ये दिलं. 1879 मध्ये ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने प्रयोग करून शिकावं, अशी व्यवस्था त्यांनी तिथे लावली.

आता थेंबाकडे येऊ. थेंब गोल का असतो? पृष्ठताणामुळे. पृष्ठताण पाण्याला आत ओढून धरतो. पण थेंबावर विद्युतभार दिला तर? सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, म्हणजे थेंब फुटायला बघतो. ही रस्सीखेच कधी संपते, याचं गणित रॅले यांनी 1882 मध्ये मांडलं. ठराविक आकाराचा थेंब ठराविकच भार सोसू शकतो. त्यापलीकडे गेला की त्यातून पाण्याच्या बारीक चिळकांड्या उडतात. या हद्दीला आज 'रॅले मर्यादा' म्हणतात.

तेव्हा याचा काय उपयोग, असं कुणालाही वाटलं असतं. पण शंभरेक वर्षांनी जॉन फेन यांनी प्रथिनांचं वजन मोजण्यासाठी भारित थेंबांचा फवारा वापरला. फवाऱ्यातला थेंब सुकत जातो, लहान होतो, भार मात्र तेवढाच राहतो. मर्यादा आली की थेंब फुटतो. असं होत होत शेवटी भारित रेणू मोकळा होतो आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्याचं वस्तुमान सांगतो. या कामाबद्दल फेन यांना 2002 चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. आज शास्त्रज्ञ संगणकात पाण्याच्या हजारो रेणूंचा आभासी थेंब तयार करतात. रेणूरेणूंमधलं बल क्षणाक्षणाला मोजून आयन थेंबातून कसा निसटतो ते पाहतात आणि निकाल रॅलेंच्या त्या जुन्या गणिताशी ताडून बघतात!

रॅलेंना स्वतःला नोबेल मिळालं ते 1904 मध्ये, वेगळ्या कामासाठी. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रसायनांतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरत होता. 'चूक झाली असेल' म्हणून त्यांनी ते सोडून दिलं नाही. त्या अर्ध्या टक्क्यात ऑर्गॉन हा नवा वायू दडलेला होता. विल्यम रॅम्से यांच्यासोबत त्यांनी तो शोधून काढला. बक्षिसाची रक्कम त्यांनी केंब्रिज विद्यापीठाला देऊन टाकली. 30 जून 1919 रोजी त्यांचं निधन झालं.

वर्गात एक करून बघा. कोरड्या केसांवर प्लॅस्टिकचा कंगवा घासा आणि नळाच्या बारीक धारेजवळ धरा. धार वाकते! मुलांना कारण लगेच सांगू नका, त्यांनाच विचारा. आणि हो, हजेरीपटावर ज्याच्या नावापुढे 'गैरहजर' जास्त वेळा लागतं, त्याला सगळ्यात पुढे उभं करा.