यिर्मया : थट्टेखाली चाळीस वर्षे

देवाची व देवाच्या माणसांची टवाळी करणारे पवित्र शास्त्रात ठिकठिकाणी भेटतात. अलीशाला टकल्या म्हणून चिडविणारी बेथेलची पोरे, हिज्कीयाच्या जासुदांना हसणारे एफ्राइम व मनश्शेचे रहिवासी, कोल्हा चढला तरी नहेम्याची भिंत ढासळेल असे म्हणणारा अम्मोनी तोबीया. ह्यांची थट्टा प्रसंगापुरती होती. यिर्मया संदेष्ट्याच्या वाट्याला मात्र ती जन्मभराची आली.

यरुशलेमेपासून सुमारे पाच किलोमीटरवर असलेल्या अनाथोथ ह्या याजकांच्या गावी हिल्कीयाच्या घराण्यात तो जन्मला. योशीया राजाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. 627 च्या सुमारास, त्याला पाचारण झाले. आपण अजून लहान आहो, आपल्याला बोलता येत नाही, ही त्याची सबब परमेश्वराने मान्य केली नाही. उत्तरेकडून अरिष्ट येत आहे, हा संदेश त्याच्या मुखी घालण्यात आला. त्याने तो सांगितला. पण अरिष्ट काही येईना. योशीयाने मंदिराची डागडुजी केली, राज्य सावरले, आणि हा माणूस आपला तेच ते सांगत राहिला. पुढे त्याने स्वतःच हिशेब मांडला आहे : 23 वर्षे बोललो, कोणी ऐकले नाही.

लोक विचारू लागले, परमेश्वराचे ते वचन कोठे आहे? येऊ दे की एकदा! ही थट्टा झोंबणारी होती, कारण त्याच्यापाशी तिला दाखविण्यासारखे उत्तर नव्हते. दुसरा एक विनोद शब्दावरचा होता. मूळ इब्री भाषेत ‘मस्सा’ म्हणजे ओझे, आणि ‘मस्सा’ म्हणजेच संदेष्ट्याने उच्चारलेली देववाणीही. तेव्हा लोक हसत विचारीत की, आज परमेश्वराचे ओझे काय आहे? भाषांतर करताना ह्या उताऱ्यापाशी आम्ही पुष्कळ वेळ अडलो होतो. दोन्ही अर्थ पोटात घेणारा मराठी शब्द सापडेना, आणि थट्टा तळटिपेत समजावून सांगितली की ती थट्टा राहत नाही.

मंदिरातील मुख्य अधिकारी पशहूर ह्याने तर त्याला फटके मारून बन्यामिनाच्या वरच्या वेशीपाशी रात्रभर खोड्यात अडकवून ठेविले. सकाळी सुटताच यिर्मयाने त्याला नवे नाव दिले : मागोर-मिस्साबीब, म्हणजे चोहोकडे दहशत. पण झाले भलतेच. लोकांनी तेच शब्द उचलले आणि कुजबुजत त्याच्याच मागे लावले. बहुधा ते त्याचे टोपणनाव होऊन बसले. त्याचे जिवलग म्हणविणारेही तो कोठे घसरतो हे टपून पाहत होते. त्याला बायको नव्हती, मुले नव्हती. लग्नघरी व सुतकाच्या घरी जाण्याची मनाई होती. गावकरी जिवावर उठले होते, भाऊही त्यांतच होते.

त्याच्या पुस्तकाचा 20 वा अध्याय येथे उघडून पाहावा. टवाळखोरांशी वाद घालण्याऐवजी तो परमेश्वराकडे गेला आणि त्यालाच दोष दिला. तू मला भुलविलेस, मी भुललो, आता दिवसभर माझे हसे होते, असा त्याचा आरोप आहे. त्याआधी एकदा त्याने देवाला ऐन गरजेला कोरड्या पडणाऱ्या ओढ्याची उपमा दिली होती. गप्प बसून पाहावे, तर हाडांत आग कोंडल्यासारखे होई. शत्रूंवर सूड उगवावा अशीही प्रार्थना त्याने केली; जन्माच्या दिवसाला शाप दिला. आपल्या उपासनांत हे भाग सहसा वाचले जात नाहीत, हे बरे नव्हे. अशाच एका गाऱ्हाण्यावर देवाने केलेले उत्तरही काही गोंजारणारे नव्हते. पायी चालणाऱ्यांबरोबर धावून थकलास, तर घोड्यांशी कशी बरोबरी करशील, असा उलट प्रश्न त्याला मिळाला.

घोडे लवकरच आले. इ. स. पू. 605 मध्ये त्याने बारूखाकडून आपली वचने गुंडाळीवर लिहवून घेतली. पुढल्या हिवाळ्यात यहोयाकीम राजा शेगडीपाशी बसून ती ऐकत होता. तीनचार रकाने वाचून झाले की चाकूने कापून विस्तवात टाकी. यिर्मयाने सगळे पुन्हा लिहविले, आणि भर घातली. पुढे हनन्या नावाच्या संदेष्ट्याने त्याच्या मानेवरचे लाकडी जू सर्वांसमक्ष मोडले. दोन वर्षांत बाबेलचे जू असेच मोडेल, ही हनन्याची घोषणा. यिर्मयाने तिला आमेन म्हटले, तसे झाले तर बरेच असेही सांगितले, आणि मुकाट्याने निघून गेला. उत्तर नंतर आले : लाकडाच्या जागी लोखंडाचे जू.

शेवटच्या वेढ्यात, शरण जा, वाचाल, असे सांगितल्याबद्दल सरदारांनी त्याला चिखलाच्या हौदात सोडले. त्यांपैकी शलेम्याचा पुत्र यूकल आणि पशहूराचा पुत्र गदल्या ह्या नावांचे बोटाच्या पेराएवढे मातीचे ठसे यरुशलेमेच्या उत्खननात 2005 व 2008 साली सापडले. ते बहुतेक त्यांचेच असावेत. एबद-मलेख ह्या कूशी सेवकाने दोरांखाली चिंध्या देऊन, काखांना काचू नये अशा बेताने, त्याला वर काढले.

मग सिद्कीया राजाने त्याला गुप्तपणे बोलावले. शरण जाणेच योग्य हे राजाला बहुधा पटले होते. पण खास्द्यांना आधीच मिळालेले यहूदी आपली टर उडवितील, ही त्याची भीती. सैन्याची नव्हे, हसण्याची! नुकताच चिखलातून निघालेला संदेष्टा त्याला सांगतो की, ऐकले नाहीस तर राजवाड्यातील स्त्रियाच तुला हिणवतील, तुझे पाय चिखलात रुतले आणि मित्र मागे फिरले म्हणून. राजाने ऐकले नाही. इ. स. पू. 586 मध्ये नगर जळाले. सिद्कीया पळताना यरीहोच्या मैदानात पकडला गेला. रिब्ला येथे त्याच्या देखत त्याचे पुत्र मारले गेले, आणि त्यानंतर त्याचे डोळे काढण्यात आले.

यिर्मयाचे वचन आता खरे ठरले होते. बाबेलने नेमलेल्या अधिपतीचा खून झाल्यावर उरलेले लोक त्याचा सल्ला झुगारून त्याला मिसरात घेऊन गेले. तेथे स्त्रीपुरुषांनी त्याला तोंडावर सांगितले की, आकाशराणीला धूप जाळणे बंद केले तेव्हापासूनच आमचे दिवस फिरले; आम्ही तुझे ऐकणार नाही. कोणाचे वचन ठरते ते वाचलेल्यांना कळेल, एवढे त्याने उत्तर दिले. तो कोठे व केव्हा मरण पावला, हे पवित्र शास्त्रात लिहिलेले नाही.