माळ्यावरची पेटी आणि इतिहासाचार्य राजवाडे

मैत्रिणींनो, आज आधी एक कबुली देते आणि मग गोष्ट सांगते.

लग्न होऊन मी किनवटला आले तेव्हा आमच्याकडं आंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब होता. सकाळी उठून बंब पेटवायचा, हे नव्या सुनेचं काम. आमच्या भागातला पाऊस तुम्हाला माहीतच आहे. एकदा झड लागली की पैनगंगा दोन्ही काठ भरून वाहते आणि घरातलं सरपण आठ-आठ दिवस वाळत नाही. फुंकून फुंकून माझे डोळे लाल व्हायचे. ते बघून एक दिवस सासूबाईंनी माळ्यावरची लाकडी पेटी दाखवली. आत लाल रुमालांत बांधलेले जुने कागद होते, सगळे मोडीत लिहिलेले. घरात कुणालाच ते वाचता येत नव्हते. सासूबाई म्हणाल्या, घे बाई यातलेच चार, कुणाच्या कामाचे हायेत आता.

मी घेतले. चार नाही, दोन पावसाळे घेत राहिले. जुना हातकागद, भुरकन पेटायचा. मला तर सुटल्यासारखं झालं होतं!

मागच्या वर्षी घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं. माळा उतरवला, तेव्हा ती पेटी पुन्हा खाली आली. तळाला एकच रुमाल शिल्लक होता. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, रद्दीवाला दारात उभाच आहे, देऊन टाक. मी देणारच होते. पण नांदेडला शिकणारी माझी लेक सुट्टीला आली होती. तिनं तिकडं मोडीचा छोटा वर्ग केलेला. तिनं रुमाल माझ्या हातातून ओढूनच घेतला आणि विचारलं, आई, तुला राजवाडे माहीत आहेत का?

शाळेत नाव वाचलं होतं, त्यापलीकडं काही नाही. मग वाचनालयातून त्यांचं चरित्र आणलं आणि दुपारची कामं आटोपून वाचत बसले. वाचताना पुष्कळदा त्या बंबाची आठवण आली.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा, रायगड जिल्ह्यातल्या वरसईचा. वडील लहानपणीच गेले. शिक्षण पुण्यात झालं. पुढं डेक्कन कॉलेजात गेले, पण परीक्षेतल्या नंबरापेक्षा ग्रंथालयात त्यांचा जीव रमायचा. पदवी घेतली, काही दिवस शाळेत मास्तरकी केली आणि सोडली. जगातली चांगली पुस्तकं मराठीत यावीत म्हणून ‘भाषांतर’ नावाचं मासिक काढलं. तेही पुढं बंद पडलं. इंग्रजी उत्तम येत असताना त्यांनी लेखन मात्र मराठीतच करायचं ठरवलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं.

तरुणपणीच त्यांची बायको वारली. त्या काळी पुरुषाची बायको गेली की वर्षाच्या आत दहा-बारा वर्षांची मुलगी बघून पुन्हा बोहल्यावर उभं राहायची रीत होती. राजवाड्यांनी दुसरं लग्न केलं नाही. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचे. त्यात सोवळं किती नि हट्ट किती, देव जाणे. पण कुणा कोवळ्या पोरीच्या जन्माला ते पुन्हा बांधले गेले नाहीत, हे मला बाई म्हणून बरं वाटलं.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते वाईला. तिथं एका घरी त्यांना जुन्या पत्रांचा साठा मिळाला. पत्रं पानिपतच्या काळातली निघाली! पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. तोवर लोकांना ती माहीत होती बखरींतून, म्हणजे मागाहून आठवून, कधी मीठमसाला लावून लिहिलेल्या हकिगतींतून. ही पत्रं मात्र त्या त्या दिवशी लिहिलेली. भाऊसाहेबांनी गोविंदपंत बुंदेल्यांकडं पैशासाठी, रसदेसाठी लावलेला तगादा त्यांत होता. शौर्याच्या गोष्टीमागं दाणागोट्याची आणि रिकाम्या तिजोरीची केवढी काळजी होती, ते त्यातून कळलं. घर चालवणाऱ्या आपल्यासारखीला ही काळजी वेगळी समजावून सांगायला नको.

ही पत्रं १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावानं छापून आली. तो पहिला खंड. पुढच्या वीसेक वर्षांत असे २२ खंड निघाले.

ते कसे निघाले, हे वाचण्यासारखं आहे. पाठीशी सरकार नाही, संस्था नाही, पगार नाही. हा माणूस गावोगाव हिंडायचा. कुठं जुना वाडा आहे, कुठं मठ आहे, कुणाच्या माळ्यावर पेटारा आहे याचा माग काढायचा. लोक सहजासहजी दाखवायचे नाहीत. कुणाला वाटे, कागद दुसऱ्याच्या हाती गेले तर वतनावर गदा येईल. कुणी कागदांची पूजा करायचे, पण उघडू द्यायचे नाहीत. आणि कितीतरी ठिकाणी राजवाडे पोचायच्या आधीच कागद नदीत सोडलेले असत, वाण्याकडं पुड्या बांधायला गेलेले असत, नाहीतर चुलीत. म्हणजे माझ्यासारख्या त्या काळीही होत्या! जे मिळत ते कागद ते तिथंच बसून वाचायचे, हातानं नकलून घ्यायचे, बोचक्यात बांधायचे आणि पुढच्या गावाला लागायचे.

आपल्या मराठवाड्याशीही त्यांचा संबंध आला. बीडच्या पाटांगणात त्यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली आणि १९०९ साली ती त्यांनी छापली. त्याहून जवळची गोष्ट माहूरची. आपण माहूरला रेणुकामातेच्या आणि दत्तशिखराच्या दर्शनाला जातो. महानुभाव पंथालाही हे स्थान फार मोठं. या पंथानं आपले ग्रंथ शतकानुशतकं सांकेतिक लिपीत जपून ठेवले होते. बाहेरच्या माणसाला ओळ लागायची नाही. राजवाड्यांनी त्या सकळ लिपीचं कोडं उलगडलं. पंथाच्या महंतांनी आणि इतर अभ्यासकांनीही हात दिला. पैनगंगेच्या पलीकडं यवतमाळला शारदाश्रम ही संस्था उभी करणारे डॉ. य. खु. देशपांडे यांनी तर महानुभाव पोथ्यांचा पुढं फार मोठा अभ्यास केला. त्या बांधून ठेवलेल्या पोथ्यांतून जगापुढं आलं तेराव्या शतकातल्या महदाइसेचं नाव. लग्नात म्हणायचे धवळे रचणारी ही बाई, मराठीची पहिली कवयित्री. पोथ्या मिटूनच राहिल्या असत्या, तर आपल्यात साडेसातशे वर्षांपूर्वी एक कवयित्री होऊन गेली हे आपल्याला ठाऊकच झालं नसतं.

एकट्या माणसाच्या पायांना किती गावं होणार? हे राजवाड्यांच्याही लक्षात आलं. ७ जुलै १९१० ला पुण्यात खंडेराव मेहेंदळे यांच्या सोबतीनं त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. कल्पना साधीच होती. ज्याला जो कागद सापडेल तो त्यानं मंडळाच्या सभेत आणावा, सगळ्यांसमोर वाचावा, चूक असेल तर चारचौघांनी दाखवावी आणि मग तो छापावा. कागद एका घराचा राहू नये, सगळ्यांचा व्हावा. आज त्या मंडळाकडं लाखो कागद आहेत, हजारो पोथ्या आहेत, नाणी आणि जुनी चित्रं आहेत. अभ्यासक येतात, बसून वाचतात. मोडी शिकवायचे वर्गही मंडळानं चालवले.

पण माणूस फार तापट. मतभेद झाले आणि स्वतःच लावलेल्या या झाडाखालून राजवाडे उठून गेले. शेवटची वर्षं धुळ्याला काढली. तिथंही एकीकडं मराठी शब्दांची मुळं शोधणं, दुसरीकडं जुने ग्रंथ छापणं चालूच. ३१ डिसेंबर १९२६ ला ते गेले. मागं इस्टेट म्हणावी तर कागदांची. ते कागद वाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून धुळ्याच्या लोकांनी १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ काढलं. त्यांचे शब्दांचे कोश या मंडळानं त्यांच्या माघारी छापले. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचे कागद वाचवले, त्याचे कागद गावानं वाचवले.

आता त्यांच्यातलं न पटणारंही सांगते, नाहीतर हा लेख आरती होईल. राजवाड्यांना जातीचा अभिमान फार. कायस्थ प्रभू समाजाबद्दल त्यांनी वाईट लिहिलं. त्याला प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९१८ साली ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून खणखणीत उत्तर दिलं. आणि गंमत बघा, याच माणसानं पुढं भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहायला घेतला. लग्न ही काही आभाळातून पडलेली गोष्ट नाही, काळाप्रमाणं तिच्या रीती बदलत आल्या, असं जुन्या ग्रंथांच्या आधारे मांडलं. सनातनी मंडळी भडकली, पण पुरावा दिसला की राजवाडे मागं हटत नसत. एकाच माणसात या दोन्ही गोष्टी होत्या.

आणखी एक गोष्ट मनात येते. पेटारे होते ते वाड्यांत. आमच्या किनवट-माहूरच्या डोंगरात गोंड, कोलाम, आंध आहेत, तांड्यांवर बंजारा समाज आहे. त्यांच्या माळ्यावर मोडीचे रुमाल कुठून येणार? गोंडांचा इतिहास परधानांनी किंगरीवर गाऊन जपला. तांड्यावरच्या बायांनी गाण्यांत आणि टाक्यांत जपला. १९५६ पर्यंत आमचं किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं, म्हणून कित्येक घरांतले जुने कागद उर्दूत आहेत. उद्या आमच्या गावात कुणी असं मंडळ काढलं, तर त्यानं कागदासारखीच म्हाताऱ्या माणसांची गाणीही गोळा करावीत. कागद निदान पेटीत तरी टिकतो. गाणं गाणाऱ्या म्हातारीबरोबर जातं.

आता आमच्या रुमालाकडं येते. लेकीनं सुट्टीचे तीन आठवडे त्यावर घालवले. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि हात न उचलता अक्षरं तिला लोंबकळत लिहीत जातात. सुरुवातीला तिला दिवसाला एक ओळ लागायची. बहुतेक कागद साधेच निघाले. शेतसारा, बियाण्यासाठी काढलेलं कर्ज, बैलाचा व्यवहार. पण एक कागद वेगळा होता. घरातल्या एका विधवा बाईनं स्वतःचे दागिने देऊन सावकाराचं कर्ज फेडलं आणि गहाण पडलेलं शेत सोडवलं, त्याची ही पावती. खाली तिचं नाव होतं आणि सहीच्या जागी बांगडीची खूण.

मैत्रिणींनो, त्याच शेताचं आम्ही आजपर्यंत खातो आहोत. ते शेत पणजोबांनी कमावलं असंच घरात सगळे सांगत आले. सासूबाईंनाही त्यांच्या सासूनं तेच सांगितलेलं. या बाईचं नाव तर कुणाच्या कानावरूनही गेलेलं नव्हतं.

सासूबाई आता थकल्यात. त्यांना कागद वाचून दाखवला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, नाव पुन्हा एकदा वाच. लेकीनं वाचलं. मी मान खाली घालून बसले होते. त्यांना माझ्या मनातलं कळलं असावं. म्हणाल्या, मीच सांगितलं होतं तुला जाळायला, तू कशाला रडतीस? यंदा पित्तरपाटात सर्वपित्रीला त्यांनी त्या नावाचा घास आठवणीनं बाजूला काढायला लावला.

तरीही दोन पावसाळ्यांत मी आणखी कुणाकुणाची नावं जाळली, हे मला आता कधीच कळणार नाही. त्याला इलाज नाही. म्हणून तुम्हाला सांगते, दिवाळीची साफसफाई काढाल, घर पाडाल, तेव्हा जुने कागद रद्दीत घालण्याआधी थांबा. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये पक्के करून घेऊ नका. स्वच्छ सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा. मोबाइलवर फोटो काढा आणि मोडी किंवा उर्दू वाचणारं माणूस शोधा. आणि घरात सासू, आजी, आत्या असतील, तर त्यांच्याकडून मागच्या बायकांची नावं विचारून वहीत लिहून ठेवा. पुरुषांची नावं सातबाऱ्यावर सापडतात, बायकांची फार थोडी.

आमच्या रुमालाची नक्कल लेकीनं करून ठेवली आहे. नवीन घरात गिझर आला, बंब मोडीत निघाला. मोडी मात्र घरात आली. दर रविवारी संध्याकाळी मी लेकीकडून फोनवर पाच अक्षरं शिकते. परवा ते नाव पहिल्यांदा माझं मला वाचता आलं.