वामन मल्हार जोशी : प्रतीकाचा अर्थ आणि सुशीलेचा देव

मराठी कादंबरीत देव येतो तो बहुधा पार्श्वभूमीला. पात्रे त्याला हाका मारतात, नवस बोलतात, प्रसंगी त्याला दोषही देतात. पण देव म्हणजे काय, हाच प्रश्न कथानकाचा कणा व्हावा असे क्वचितच घडले आहे. वामन मल्हार जोशी यांची ‘सुशीलेचा देव’ (१९३०) हा त्यातील ठळक अपवाद होय. या कादंबरीला ‘तत्त्वचर्चात्मक’ असा शिक्का मारून तिची बोळवण करण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. तिचे मूळ केवळ चर्चेच्या हौसेत नसून लेखकाच्या आयुष्यात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. धार्मिक शब्दाचा अर्थ कोणी लावावयाचा, या प्रश्नाची जबर किंमत वामन मल्हारांनी तारुण्यातच मोजली होती.

त्यांचा जन्म २१ जानेवारी १८८२ रोजी कुलाबा जिल्ह्यातील (आजच्या रायगडमधील) तळे या गावी झाला. पुण्यास उच्च शिक्षण घेऊन १९०६ मध्ये ते तत्त्वज्ञान विषयात एम. ए. झाले. सरकारी नोकरीचा सोपा मार्ग मोकळा असतानाही ते कोल्हापुरास विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात सामील झाले. विजापूरकरांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकाशीही त्यांचा संबंध आला. याच मासिकाने त्यांच्या आयुष्याला वळण दिले.

१९०८ मध्ये ‘विश्ववृत्ता’त श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवरील लेख प्रसिद्ध झाला. वेदातील प्रार्थना दीनवाण्या नाहीत, त्यांत शत्रुनाशाची आणि बलाची मागणी आहे, असा त्याचा आशय. विषय वेदांचा, शत्रू ऋचांतले. परंतु सरकारला त्या शत्रूच्या जागी स्वतःचा चेहरा दिसला आणि राजद्रोहाचा खटला उभा राहिला. संपादक म्हणून विजापूरकर आणि प्रकाशक म्हणून वामन मल्हार यांना प्रत्येकी तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. या प्रकरणाचा उल्लेख वामन मल्हारांच्या चरित्रात देशभक्तीच्या सदरात होतो, आणि तो योग्यच आहे. पण वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यातील दुसरी बाजूही पाहावयास हवी. एकाच प्रार्थनेचे येथे तीन अर्थ समोरासमोर आले होते : ऋषींच्या काळचा, लेखकाला अभिप्रेत असलेला आणि न्यायासनाने ग्राह्य धरलेला. यांपैकी कोणता खरा, हे ऋचा स्वतः सांगू शकत नव्हती. सरकारने तो अर्थ अगदीच ओढूनताणून काढला होता असेही म्हणता येत नाही. त्या वर्षीचे वाचकही तो लेख काही केवळ पुराणवस्तू म्हणून वाचत नसावेत. प्रतीकाचा अर्थ प्रतीकात साठवलेला नसतो, तो वाचणाऱ्याच्या गरजेतून आणि भयातूनही घडतो, हा धडा तत्त्वज्ञानाच्या या पदवीधराला ग्रंथालयाबाहेर मिळाला.

सुटकेनंतर काही काळ त्यांनी पुण्यास वृत्तपत्रात काम केले. ‘मासिक मनोरंजना’तून क्रमशः आलेली ‘रागिणी’ १९१५ मध्ये ग्रंथरूप झाली आणि त्यांचे नाव घरोघर पोचले. रागिणी आणि उत्तरा या दोन स्त्रियांच्या निमित्ताने तीत धर्म, वेदान्त व स्त्रीस्वातंत्र्य यांची चर्चा होते. पुढच्याच वर्षीच्या ‘आश्रमहरिणी’त त्यांनी पौराणिक आश्रमाचे वातावरण घेऊन त्यात पुनर्विवाहाचा प्रश्न मांडला. पवित्र मानलेल्या चौकटीत अडचणीचा प्रश्न ठेवावयाचा, ही त्यांची पद्धती येथे प्रथम स्पष्ट दिसते. १९१८ पासून ते महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाच्या कार्यात अध्यापक म्हणून आले आणि पुढे प्राचार्य झाले. ‘नीतिशास्त्रप्रवेश’ १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकणाऱ्या मुली, विधवा, घराबाहेर पाऊल टाकलेल्या स्त्रिया यांचे प्रश्न रोज कानांवर पडत असताना लिहिणाऱ्या माणसाने देवाचा प्रश्न एका स्त्रीच्या तोंडी घालावा, यात नवल नाही.

सुशीलेचा देव एक नाही. बालपणीचा मूर्तिरूप देव अनुभवाच्या पहिल्या आघाताला पुरा पडत नाही; मग त्याच्या जागी दुसरा येतो, तोही अपुरा ठरतो, आणि अखेरीस नैतिक ध्येय हाच तिचा देव होतो. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७) देवाविषयीचे उत्तर लेखकाजवळ आधीच तयार होते आणि कथा त्या उत्तराकडे चालत गेली. वामन मल्हारांनी उत्तराला नायिकेबरोबर वाढू दिले. मराठी कादंबरीच्या दृष्टीने हे अंतर लहान नाही.

दिंडोरी तालुक्यात ही कादंबरी शिकविताना एक उदाहरण आपोआप हाताशी येते. नाशिकहून सप्तशृंगगडाकडे जाणारा रस्ता दिंडोरी आणि वणीवरून जातो, आणि गडावरील अठरा हातांची, कड्यात कोरलेली देवी येथल्या घराघरांत आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर शेंदराचे थर चढत गेले होते. २०२२ मध्ये संवर्धनाच्या कामात ते काढण्यात आले आणि त्याखालचे जुने रूप प्रकट झाले. विद्यार्थ्यांपैकी कोणी म्हणतो, खरी देवी आता दिसली. कोणी म्हणतो, आजीने ज्या रूपापुढे हात जोडले ते रूप गेले. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. सुशीलेच्या बाबतीत टीकाकार सहसा पहिल्या विद्यार्थ्यासारखे बोलतात : थर निघाले, शेवटी खरा देव उरला. परंतु कादंबरीत आधीचे देव खोटे होते असे म्हणावयास फारसा आधार नाही. जो देव ज्या काळी तिला काही करावयास आणि काही टाकावयास भाग पाडीत होता, तो त्या काळी तिचा देवच होता. देवाचे स्वरूप येथे वर्णनाने ठरत नाही. त्याच्यासाठी ती काय सोडते, यावरून ते कळते.

अडचण शेवटच्या पायरीवर आहे. ध्येय हा देव असेल तर त्याची आज्ञा पाळता येईल, पण त्याच्यापुढे रडता येईल काय? गडाच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईला नीतिनियम नको असतो, ऐकणारे कोणी हवे असते. वामन मल्हारांच्या विवेचक बुद्धीने ही उणीव ओळखली नसेल असे वाटत नाही. पण कादंबरीकार म्हणून ते तेथे थांबण्याऐवजी पुढे सरकले. कादंबरीचा शेवट पटतो, पण मनाला भिडत नाही, याचे कारण संवादांच्या लांबीत शोधण्यापेक्षा येथे शोधावे.

१९३० मध्येच मडगाव येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. पुढे ‘इंदु काळे व सरला भोळे’ या पत्ररूप कादंबरीत ते कला आणि नीती यांच्या वादाकडे वळले. प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडून ते निर्णय टाळतात, हा आक्षेप त्यांच्यावर वारंवार घेतला गेला. ज्या माणसाने एका प्रार्थनेच्या एकाच सक्तीच्या अर्थापायी तुरुंग पाहिला, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा करणेच चूक होते. २० जुलै १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. सुशीलेने पुन्हा कधी हात जोडले की नाही, याविषयी दिंडोरीच्या वर्गात अजून एकमत होत नाही.