आजचं चिंतन : झिंगराजीचा मुलगा



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ५.

अर्थ आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. माणसाने स्वतःच स्वतःला वर काढावं, खाली ढकलू नये; कारण आपणच आपले मित्र असतो आणि आपणच आपले शत्रू.

हा श्लोक मी बरीच वर्षं चुकीच्या कामाला वापरला, हे आधी कबूल करतो. आमच्या कळंबला माझा एक शाळेतला मित्र आहे. दारूत पार अडकलेला. शनिवारी नेरळला उतरून टमटमने गावात आलो की तो नाक्यावर दिसायचा. दोन मिनिटं थांबून मी त्याला मन घट्ट करायला सांगायचो, आणि घरी जायचो. एकदा तर हाच श्लोक अर्थासकट व्हॉट्सॲपवर पाठवला. निळ्या टिक आल्या. उत्तर आलं नाही. मला वाटलं, आपलं काम झालं. आता त्याचा उद्धार त्यानेच करायचा!

मागच्या महिन्यात त्याची आई आमच्या ओट्यावर येऊन बसली. काही मागितलं नाही, रडली पण नाही. फक्त एवढंच म्हणाली की तू त्याच्याशी बोलतोस ते त्याला आवडतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मी कधी बोललोच नव्हतो. मी नुसतं सांगून निघून जात होतो.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता. स्वतःला स्वतःच वर काढायचं असेल, तर दुसऱ्याने करायचं काय? उत्तर सापडलं ते एका आयुष्यात. आज तेच आयुष्य थोडक्यात सांगतो.

२३ फेब्रुवारी १८७६. अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. परीट समाजातल्या झिंगराजी जानोरकर आणि सखुबाईंच्या घरी मुलगा झाला. नाव डेबूजी. हेच पुढचे संत गाडगेबाबा.

बाबा म्हटलं की आपल्याला खराटा आठवतो. त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान आठवतं. पण त्या खराट्याच्या मागे एक घर होतं, आणि ते घर दारूने बुडवलं होतं, हे आपण विसरतो.

त्या काळी देवाला नवस बोलायचा, बोकड कापायचा आणि मग पंगतीत दारू, अशी रीत होती. नाही म्हणणं म्हणजे देवाचा आणि भाऊबंदांचा अपमान. झिंगराजींच्या ओठाला दारू लागली ती अशी, चारचौघांत. पुढे ती एकट्याने प्यायची वस्तू झाली. घर गेलं, तब्येत गेली, आणि १८८४ मध्ये झिंगराजी गेले. डेबू तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता. चरित्रकार सांगतात की शेवटी शेवटी त्यांचे डोळे उघडले होते, आणि डेबूला यापासून लांब ठेव असं त्यांनी सखुबाईंना बजावलं होतं.

इथे जरा थांबा. झिंगराजींना कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. पण कळणं आणि सुटणं यात मोठं अंतर असतं, आणि ते अंतर पार करून देणारं त्यांच्या आसपास कुणी नव्हतं. जे होते ते एकतर पाजणारे, नाहीतर नावं ठेवणारे.

सखुबाई पोराला घेऊन माहेरी आल्या, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. डेबू शाळेत गेलाच नाही. गुरं राखली, नांगर धरला, पूर्णा नदीत पोहायला शिकला. पुढे मामाची जमीन सावकाराने बळकावली, तेव्हा शिक्षण नसणं आणि कर्ज असणं म्हणजे काय, हेही त्याने डोळ्यांनी पाहिलं. म्हणून बाबांच्या कीर्तनात दारू, कर्ज आणि अडाणीपणा हे तीन विषय कायम एकत्र येतात. त्यांच्या घरात ते एकत्रच आले होते.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. पहिली मुलगी झाली, तिचं बारसं आलं. रीतीप्रमाणे भाऊबंदांना मटण आणि दारू हवीच. डेबूजींनी गोडाची पंगत घातली. लोक कुरकुरले, बोलले. आज हे वाचताना किरकोळ वाटतं, पण विचार करा. ऑफिसच्या पार्टीत ग्लास बाजूला सारताना आपल्याला किती कारणं द्यावी लागतात! आणि इथे सगळी जात समोर बसलेली. ज्या पंगतीने बाप नेला, ती पंगत त्यांनी स्वतःच्या अंगणात बदलली. दुसऱ्यांना सांगण्याआधी घरात केलं.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर फुटकं गाडगं, हातात खराटा. गावात शिरायचे ते कुणाला काही न विचारता झाडायलाच लागायचे. गटारं, पाणवठ्याजवळची घाण, देवळासमोरचा कचरा. भाकरी मिळाली तर त्याच गाडग्यात घ्यायची. संध्याकाळी, दिवसभर ज्यांच्या दारातलं झाडलं त्यांनाच गोळा करून कीर्तन. रात्री देवकीनंदनाचा गजर, आणि सकाळी पुढचं गाव.

आज व्यसनमुक्तीच्या कामात रस्त्यावर जाऊन माणसं गाठण्याला फार महत्त्व देतात. केंद्राचं दार उघडं ठेवून वाट बघत बसायचं नाही. तो जिथे असेल तिथे, पुलाखाली, स्टेशनवर, गुत्त्याच्या बाहेर, आपण जायचं. बाबांनी हे पन्नास वर्षं पायी केलं. त्यांनी कुणाला देवळात बोलावलं नाही. देऊळच उचलून लोकांच्या गल्लीत नेलं.

त्यांच्या वागण्यातल्या तीन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, ते वरून बोलले नाहीत. कुणी पाया पडायला आलं तर काठी उगारायचे. गळ्यात हार नको, वेगळं आसन नको. दारूने ज्याची इज्जत गेली आहे तो माणूस मान वर करून बघतो, तेव्हा समोर स्वच्छ कपड्यातला उपदेशक दिसला की मान परत खाली जाते. बाबांना बघून ती खाली जात नसे. त्यांचे कपडे त्याच्याहून फाटके होते.

दुसरी, ते स्वतःच्या जखमेतून बोलत. दारूचा तोटा त्यांना पुस्तकातून कळला नव्हता. ते झिंगराजीचा मुलगा होते. बाबा स्वतः कधी प्यायले नाहीत, पण पिणाऱ्याच्या घरातली रात्र त्यांना माहीत होती. अशा माणसाच्या शब्दाला वेगळं वजन असतं.

तिसरी गोष्ट, ते विचारत. १९५६ मध्ये, जाण्याच्या काही आठवडे आधी, वांद्र्यात झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. मी ते लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकलं. पहिल्यांदा वऱ्हाडी कानाला बसेना. मग लक्षात आलं की बाबा सांगत कमी आहेत आणि विचारत जास्त आहेत. ते साधा प्रश्न टाकतात, लोक एका सुरात उत्तर देतात, बाबा त्या उत्तरावर पुढचा प्रश्न ठेवतात. शेवटी जे सत्य बाहेर येतं ते ऐकणाऱ्याच्या तोंडून येतं. म्हणजे त्याचं त्यानेच म्हटलेलं असतं!

आजचा श्लोक मला इथे उलगडला. वर यायचं ते स्वतःच. पण प्रश्न विचारायला समोर कुणीतरी बसलेलं लागतं.

आणि हे गीतेतच नाही का? अर्जुन हातपाय गळून खाली बसतो. भगवंत त्याचं युद्ध स्वतः लढत नाहीत. पण त्याला रणात एकटं सोडून निघूनही जात नाहीत. घोड्यांचे लगाम धरून ते त्याच रथात बसतात. अठरा अध्याय बोलून झाल्यावरही जबरदस्ती नाही. शेवटी याचा पुरता विचार कर आणि मग तुला हवं ते कर, असंच सांगतात. ज्याने सहाव्या अध्यायात स्वतःला वर काढायला सांगितलं, तो सांगताना अर्जुनाच्या शेजारी बसलेला होता. मी श्लोक फॉरवर्ड केला, पण रथात बसलो नाही.

बाबांनी लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी काही ठेवलं नाही. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब आंबेडकर गेले. दोघांचा एकमेकांवर जीव होता. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर, पेढी नदीच्या पुलापाशी बाबांनी देह ठेवला. प्रवासातच गेले. चालणाऱ्या माणसाला दुसरं मरण शोभलं नसतं.

आता एक खरी गोष्ट बोलायला हवी. नुसत्या कीर्तनाने प्रत्येकाची दारू सुटते असं नाही. व्यसन हा आजार आहे, हे आज आपल्याला माहीत आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. म्हणून कुणाला शपथ घालून खोलीत कोंडू नका. आधी डॉक्टर. पण डॉक्टरांनी विष उतरवल्यावरही रिकामी संध्याकाळ उरतेच, आणि तिथे सोबती लागतो.

१९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावात दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झालं. एकाच्या लक्षात आलं होतं की दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलताना आपली स्वतःची दारू लांब राहते. आपल्याकडे डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत पाठीशी होती. तिथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. नव्याने आलेला माणूस आपण सुटूच शकत नाही असं म्हणत असतो, आणि समोर सुटलेला माणूस चहाचा कप घेऊन उभा असतो. तिथे वाद संपतो. व्यसनी माणसांच्या बायकांसाठीही तिथे गट आहे. सखुबाईंना असं कुणी मिळालं असतं तर, असं मनात येतंच.

माझ्या मित्राचं सांगतो. त्याला विचारूनच लिहितोय, नाव लिहीत नाही.

त्या शनिवारी मी नाक्यावर थांबलो. सल्ला दिला नाही. शेवटची शांत झोप कधी लागली होती, एवढं विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की सकाळी हात इतके थरथरतात की चहाची बशी धरवत नाही. इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

पण मी त्या वाटेने गेलेलो नाही, आणि ते त्यालाही कळतं. म्हणून पुढच्या शनिवारी ओळखीच्या एका काकांना सोबत नेलं. त्यांनी स्वतः दारू सोडून बरीच वर्षं झाली आहेत. मी चहा आणायला गेलो आणि मुद्दाम उशिरा आलो. दोघं तासभर बोलत होते. माझा मित्र हसला पण! शेवटी तो डॉक्टरांकडे जायला तयार झाला. मंगळवारी गेला नाही. गुरुवारी काका परत आले आणि त्याला घेऊन गेले. पुढे काय होईल माहीत नाही. पुन्हा घसरेलही. घसरला तर काका परत येणार आहेत, आणि त्यांच्यासोबत मीही.

आजचा संकल्प : तुमच्या ओळखीत असा कुणी असेल तर आज त्याला काही फॉरवर्ड करू नका. जा, शेजारी बसा, एक साधा प्रश्न विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. मदत कुठे मिळेल हे कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय टोल फ्री हेल्पलाइन आहे. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो. आणि तो कुणीतरी तुम्ही स्वतःच असाल, तर एवढंच लक्षात ठेवा : वर यायचं तुम्हालाच आहे, पण एकट्याने नाही.

राम कृष्ण हरी. उद्या पुढचा श्लोक.